पदवीनंतर पहिली नोकरी आणि पहिलं भाड्याचं घर: पुणे-मुंबईत राहायचं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफर लेटर आलंय, तीन आठवड्यांनी रुजू व्हायचंय. घर आत्ताच बघून ठेवू का?

नको. आधी कामाची जागा पक्की करा. ऑफर लेटरवर नुसतं ‘पुणे’ लिहिलेलं असतं, पण एकाच कंपनीचं एक ऑफिस हिंजवडी फेज ३ ला आणि दुसरं खराडीत असू शकतं. एक शहराच्या पश्चिम टोकाला, दुसरं पूर्व टोकाला. एचआरला ईमेल करून तीन गोष्टी लेखी विचारा: रिपोर्टिंगचा पूर्ण पत्ता, शिफ्टची वेळ, आणि आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यायचं. मोठ्या आयटी कंपन्यांत आधी काही महिने प्रशिक्षण असतं, तेही कधी म्हैसूरसारख्या दुसऱ्याच शहरात, आणि प्रोजेक्ट कुठे मिळणार ते नंतर ठरतं. प्रोजेक्टची जागा कळेपर्यंत डिपॉझिट भरून फ्लॅट घेऊ नका.

रुजू होण्याच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचा आणि पहिले पंधरा ते तीस दिवस जिथून केव्हाही निघता येईल अशा ठिकाणी काढा: नातेवाइकांचं घर, मित्राची खोली, किंवा महिन्याच्या बोलीवरचं पीजी. त्या दिवसांत ऑफिसात रोज चौकशी करा. कोण कुठून येतं, किती वाजता निघतं, कंपनीची बस कुठून सुटते. वेबसाइटवर दिसत नाहीत असे रिकामे कॉट आणि ‘आमचा एक जण सोडून चाललाय’ अशा खोल्या याच गप्पांतून मिळतात. ब्रोकरेजही वाचतं.

पॅकेज ४ लाख आहे. हातात किती येतील आणि भाडं किती परवडेल?

४ लाखांना १२ ने भागून ३३,३३३ रुपये येतात. तेवढे हातात येत नाहीत. सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चात, कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी (काही वर्षांच्या नोकरीनंतर मिळणारी रक्कम) आणि बहुतेक ठिकाणी व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) धरलेलं असतं. एक नमुना हिशेब करू. मूळ वेतन सीटीसीच्या निम्मं आणि पीएफ दरमहा १,८०० रुपये धरला, तर कंपनीचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के म्हणजे साधारण ८००, आणि वर्षाला २०,००० व्हेरिएबल असेल तर महिन्याचे १,६६७ बाजूला जातात. उरलेल्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात साधारण २७,००० पडतात. व्यवसाय कर महाराष्ट्रात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० रुपये असतो. दरमहा २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे.

२७,००० हातात येत असतील तर भाडं, लाइट बिल, मेंटेनन्सचा वाटा आणि ऑफिसला जाण्यायेण्याचा खर्च मिळून ९,००० च्या वर जाऊ देऊ नका. प्रवास भाड्यातच मोजायचा. भाडं २,००० ने कमी आहे म्हणून लांब गेलात आणि रोज रिक्षाला १२० रुपये मोजलेत, तर २२ दिवसांचे २,६४० होतात. म्हणजे घर महागच पडलं. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होणार असेल तर आधी तो वजा करा आणि उरलेल्या रकमेचा एक तृतीयांश धरा.

घरून निघताना किती पैसे जवळ हवेत?

पहिला पगार लगेच येईल असं धरू नका. अनेक कंपन्यांत महिन्याच्या वीस-पंचवीस तारखेला पगाराची यादी बंद होते. त्यानंतर रुजू झालेल्यांचे पैसे पुढच्या महिन्यात येतात. त्यामुळे सहा-सात आठवडे निभतील एवढी तयारी ठेवा.

समजा तिघांनी मिळून २४,००० भाड्याचा टू बीएचके घेतला आणि डिपॉझिट ६०,००० आहे. माणशी पहिलं भाडं ८,०००, डिपॉझिटचा वाटा २०,०००, ब्रोकरेज एक महिन्याच्या भाड्याइतकं धरलं तर ८,०००, कराराचे १,०००, गादी-बादली-पंखा-भांडी यांचे ५,००० आणि जेवणखाण व प्रवासाचे ७,०००. झाले ४९,०००. पीजीत ९,००० भाडं आणि तेवढंच डिपॉझिट भरलं की किरकोळ खर्चासह २४-२५ हजारांत भागतं. आईवडिलांना आकडा सांगताना नुसतं भाडं सांगून बाकीचा खर्च लपवू नका. मध्येच पुन्हा पैसे मागायची वेळ आली की दोघांनाही जड जातं.

हिंजवडीत ऑफिस आहे. वाकड, बाणेर, मारुंजी, की थेट हिंजवडीतच?

आधी फेज बघा. वाकडच्या पुलापासून फेज ३ चं टोक सात किलोमीटरच्या आसपास आहे, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तेवढंच अंतर सगळा वेळ खातं. फेज १ ला काम असेल तर वाकड सोयीचं. तिथे दुकानं, मेस, दवाखाने, पुण्याकडे आणि चिंचवडकडे जाणाऱ्या बस सगळं आहे. फेज २ किंवा ३ ला काम असेल तर हिंजवडी गाव, माण किंवा मारुंजीत राहिल्याने वाकडच्या पुलाची आणि भूमकर चौकाची कोंडी टळते. तोटा असा की हा भाग ग्रामपंचायतींचा आहे. वाकड, ताथवडे, पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतात. पाणी, ड्रेनेज, रस्त्यावरचे दिवे याबाबत हा फरक रोज जाणवतो. बाणेर-बालेवाडी राहायला छान, पण भाडं चढं. पहिल्या नोकरीत तिघांच्या वाटणीशिवाय ते जमत नाही.

नवीन मेट्रोमार्गाच्या नकाशावर विसंबून जागा घेऊ नका. घर दाखवणारा ‘समोरच स्टेशन होतंय’ असं म्हणेल. ११ महिन्यांच्या करारात तुम्हाला आज धावणारी गाडीच उपयोगी. ज्या वेळेला ऑफिसला जाणार त्याच वेळेला, मंगळवार ते गुरुवारपैकी एखाद्या दिवशी, त्या घरापासून ऑफिसच्या दारापर्यंत स्वतः जाऊन बघा. रविवारी दुपारी केलेली फेरी फसवते. पावसाळ्यात त्या वेळेत आणखी निम्मा वेळ मिळवा.

खराडी किंवा मगरपट्ट्याला काम असेल तर?

खराडीसाठी चंदननगर, खराडी गावठाण, विमाननगर, वडगाव शेरी आणि मुंढवा-केशवनगर हे पर्याय. मगरपट्ट्यासाठी हडपसर आणि मांजरी. वाघोली स्वस्त पडते, पण नगर रस्त्याची कोंडी आणि टँकरचं पाणी ही तिची किंमत आहे. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. तरी नळाच्या पाण्याबाबत सोसायटीत स्वतंत्र चौकशी कराच.

कोथरूड, कर्वे रस्ता, शिवाजीनगर या बाजूला नातेवाइकांकडे राहण्याची सोय असेल तर वनाज ते रामवाडी मेट्रो कामाची आहे. रामवाडीहून पुढे खराडीपर्यंत बस किंवा शेअर रिक्षा लागते, तो वेळ आणि पैसा जमेस धरा. पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटकडे जाणारा मार्ग या मार्गाला जिल्हा न्यायालय स्थानकात मिळतो.

नदीकाठची स्वस्त तळमजल्याची खोली घेताना पावसाळ्याचं विचारा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीसारख्या भागात पाणी घुसतं. जुलै २०२४ मध्ये लोकांना घरं सोडावी लागली होती.

मुंबईत नोकरी लागलीय. कोणतं उपनगर?

मुंबईत जागा उपनगरावरून ठरवू नका, रेल्वेमार्गावरून ठरवा. ऑफिसच्या जवळचं स्टेशन कोणत्या मार्गावर आहे ते बघायचं आणि त्याच मार्गावर राहायचं. गाडी बदलायची वेळ एकदाच यावी, दोनदा नको. प्रत्येक बदलात जिना, पूल आणि पुढच्या गाडीची वाट मिळून पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि थकवा त्याहून मोठा.

लोअर परळला काम असेल तर पश्चिम रेल्वेचं लोअर परळ आणि मध्य रेल्वेचं करी रोड दोन्ही जवळ आहेत, तेव्हा दोन्ही मार्गांवर शोधता येतं. बीकेसीला वांद्रे किंवा कुर्ल्याहून बस-रिक्षा मिळते, शिवाय आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो आता बीकेसीवरून जाते. पवईला स्वतःचं स्टेशन नाही. कांजूरमार्ग किंवा विक्रोळीला उतरून पुढे रस्त्याने जावं लागतं. सीप्झसाठी अंधेरीच्या बाजूचा विचार करा. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रोमुळे मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनाही ते जमतं.

ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे इथे काम असलेल्यांनी ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकलचा फायदा घ्यावा. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोलीच्या सिडको वसाहतींत आणि गावठाणांत वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) मिळतात, आणि सीएसएमटीकडे जाणाऱ्या सकाळच्या गर्दीत शिरावंच लागत नाही. कळवा, डोंबिवलीहून यायचं तर ठाण्याला गाडी बदलायची.

गर्दीची दिशा फार महत्त्वाची. सकाळी विरार, कल्याण, डोंबिवली, बदलापूरहून दक्षिणेकडे लोंढा जातो. तुम्ही नवखे असाल आणि ऑफिस दादर-चर्चगेटच्या बाजूला असेल, तर निदान गाडी जिथून सुटते अशा स्टेशनजवळ राहा. डोंबिवली, ठाणे, बोरिवली इथून काही लोकल सुटतात, त्यांत चढायला तरी मिळतं. घर ते स्टेशन चालत पंधरा मिनिटांच्या आत असावं. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं सांगणारा रिक्षाची पाच मिनिटं सांगत असतो.

एकेरी दीड तास आणि अर्धा तास यांत रोजचा फरक दोन तासांचा. महिन्याच्या २२ दिवसांचे ४४ तास होतात. पहिल्या वर्षी नवीन काही शिकायचं, परीक्षा द्यायची किंवा नोकरी बदलायची तयारी करायची तर तास याच साठ्यातून काढावे लागतात. म्हणून आमचा सल्ला असा: घर लहान चालेल, लांब नको.

चाकण, रांजणगाव, वाळूजसारख्या एमआयडीसीत नोकरी आहे. तिथेच राहायचं का?

आधी कंपनीच्या बसचा मार्ग आणि थांबे मागून घ्या. चाकणच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांच्या बस निगडी, चिंचवड, भोसरी, मोशीकडून येतात. थांब्याजवळ राहिलात तर चाकण चौकाची कोंडी आपल्या पेट्रोलवर सोसावी लागत नाही. मात्र तीन पाळ्या असतील तर बस तिन्ही पाळ्यांना आहे का ते विचारा. रात्रपाळी संपून सकाळी झोपणाऱ्याने सामान्य पाळीवाल्यांच्या खोलीत राहू नये, कारण दोघांचीही झोप होत नाही. रांजणगावला शिक्रापूर, वाळूजला बजाजनगर हे नेहमीचे पर्याय. ठेकेदारामार्फत लागलेले असाल तर कामाची मुदत सहा-सात महिन्यांचीच असू शकते. अशा वेळी करारातली लॉक-इनची, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर न सोडण्याची, अट मान्य करू नका.

पीजी, कॉट बेसिस आणि फ्लॅट यांत नेमका फरक काय?

कॉट बेसिस म्हणजे एका खोलीतली एक खाट आणि कपाटाचा एक कप्पा. जेवण बहुधा नसतं, डिपॉझिट कमी. पीजीत जेवण, साफसफाई, वायफाय धरलेलं असतं, पण येण्याजाण्याच्या वेळा आणि पाहुण्यांचे नियम असतात. फ्लॅटमध्ये मोकळीक, आणि त्याबरोबर करार, लाइट बिल, गॅस, कामवाल्या मावशी, कचरा हे सगळं तुमच्या अंगावर.

पीजी घेताना एक दिवस तिथलं रात्रीचं जेवण जेवून बघा. राहणाऱ्या एखाद्याला मालक नसताना विचारा: गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, एका बाथरूममागे किती जण आहेत, डिपॉझिट मागच्या माणसाला परत मिळालं का. एका बाथरूममागे चारपेक्षा जास्त जण असतील तर सकाळी उशीर ठरलेलाच.

मेसचं ठरवताना आठवड्याच्या सुट्टीची वेळ विचारा. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. फ्लॅटवर स्वयंपाक करणार असाल तर ५ किलोचं छोटं सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतं, नवीन जोडणी घ्यावी लागत नाही. मोठ्यातून छोट्यात गॅस भरून देणाऱ्या दुकानांकडे जाऊ नका. तो प्रकार बेकायदा आहे आणि त्यात स्फोट होतात.

मुलींनी वेगळं काय बघावं?

शेवटचे पाचशे मीटर. बस थांब्यापासून किंवा स्टेशनपासून दारापर्यंतचा रस्ता रात्री नऊनंतर एकदा चालून बघा. दिवे, उघडी दुकानं, वर्दळ आहे का? दाराला आतून कडी आणि स्वतःचं कुलूप लावता येतं का, बाथरूमची खिडकी कुठे उघडते, मालकाकडे दुसरी किल्ली आहे का, हे विचारायला संकोच नको. सेकंड शिफ्ट असेल तर कंपनीची कॅब दारापर्यंत येते की मुख्य रस्त्यावर सोडते, तेही.

नोकरी करणाऱ्या महिलांसाठी केंद्राच्या योजनेतली ‘सखी निवास’ वसतिगृहं आहेत. महिन्याचं एकूण उत्पन्न महानगरांत ५०,००० आणि इतरत्र ३५,००० पर्यंत असेल तर अर्ज करता येतो. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. जागा मर्यादित असतात, म्हणून ऑफर लेटर आलं की लगेच.

घर बघायला गेल्यावर काय तपासू?

सकाळी सात ते नऊमध्ये जा, कारण पाण्याचा खरा दाब तेव्हाच कळतो. सगळे नळ एकदम सोडा, फ्लश ओढून बघा. नळाचं पाणी दिवसातून किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर लागतात का, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत की वेगळे, हे सुरक्षारक्षकाला विचारा. घरमालकापेक्षा तो खरं सांगतो. भिंतींच्या खालच्या कोपऱ्यांत ओल, छताला पोपडे, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर डाग असतील तर जुलैत गादीला बुरशी येईल. तुमचं सिम कार्ड प्रत्येक खोलीत चालतं का बघा.

लाइट बिलावरचा ग्राहक क्रमांक टिपून घ्या आणि महावितरणच्या ॲपवर थकबाकी बघा. स्वतंत्र मीटर नसेल आणि मालक ‘सबमीटर’ने पैसे घेणार असेल, तर युनिटचा दर लेखी घ्या. सगळ्या घराचा वापर एका मीटरवर आला की वरच्या स्लॅबचा दर लागतो आणि तो तुमच्या माथी मारला जातो.

घर दाखवणारा खरा मालक आहे का? इंडेक्स टू (घराच्या नोंदणीकृत खरेदीचा सरकारी उतारा), मालमत्ता कराची पावती किंवा लाइट बिल यांवरचं नाव आधार कार्डाशी जुळवा. जुना भाडेकरूच परस्पर पोटभाडेकरू ठेवत असेल, तर मूळ मालकाने एका दिवसात बाहेर काढलं तरी तुमचे डिपॉझिटचे पैसे त्या मधल्या माणसाकडे अडकतात.

११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे खरं का?

महाराष्ट्रात खरं नाही. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, या केंद्रीय नोंदणी कायद्यातल्या तरतुदीमुळे ११ महिन्यांची प्रथा पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (भाड्याच्या घराचा नेहमीचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वाद झाला तर भाड्याने राहणाऱ्याने सांगितलेल्या अटी, उलट पुरावा येईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नाही.

खर्च असा. मुदतीचं एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. २४,००० भाडं ११ महिन्यांसाठी २,६४,००० आणि ६०,००० वरचं ११ महिन्यांचं व्याज ५,५००. बेरीज २,६९,५००, त्यावर शुल्क साधारण ६७५ रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. वर हाताळणी शुल्क आणि एजंटची मजुरी. हे सगळं नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सेवेतून आधारवर अंगठा देऊन घरबसल्या होतं. एजंट यंत्र घेऊन घरी येतो, दोन साक्षीदार लागतात. खर्च कोणी करायचा हे आधी बोलून घ्या. बहुधा निम्मा-निम्मा असतो.

अंगठा देण्यापूर्वी मसुदा पूर्ण वाचा. पाच कलमं बघाच: लॉक-इन किती, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट किती दिवसांत परत, त्यातून काय कापणार, मुदतीनंतर भाडं किती टक्क्यांनी वाढणार. सहा महिन्यांचं लॉक-इन असताना तिसऱ्या महिन्यात बदली झाली तर उरलेल्या तीन महिन्यांचं भाडं मागितलं जातं. ‘नोकरीच्या ठिकाणात बदल झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीवर करार संपवता येईल’ हे वाक्य घालून घ्या. बहुतेक मालक नाही म्हणत नाहीत, फक्त आधी मागावं लागतं. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं द्यावं लागू शकतं, म्हणून नूतनीकरण तोंडी बोलीवर ठेवू नका.

भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकाने द्यायची असते. ती ऑनलाइन भरता येते. पावतीची प्रत मागून घ्या.

दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदा आहे ना?

समाजमाध्यमांवर फिरणारा हा नियम केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातला आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्रात व्यवहार १९९९ च्या कायद्यावर चालतो आणि डिपॉझिट बोलणीवर ठरतं. डिपॉझिट रोख देऊ नका. मालकाच्या खात्यावर ट्रान्स्फर करा आणि तीच रक्कम करारात लिहून घ्या.

मुंबई-ठाण्यात ‘हेवी डिपॉझिट’ नावाचा प्रकार आहे: काही लाख एकदम द्यायचे, भाडं नाही किंवा नाममात्र. ऐकायला गोड वाटतं. पण मालकाने ते पैसे दुसरीकडे गुंतवलेले असतात, आणि पुढचा भाडेकरू मिळाल्याशिवाय तुमचे परत येत नाहीत. घरावर कर्ज थकलेलं असेल तर बँक जप्ती आणते. आईवडिलांची एफडी मोडून या व्यवहारात पडू नका.

ब्रोकरला पैसे कधी द्यायचे? फसवणूक कशी ओळखू?

करारावर अंगठे झाल्यावरच. घर दाखवण्याची फी, ‘व्हिजिटिंग पास’, सोसायटीच्या गेटचं टोकन असल्या नावाखाली कोणी आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा. सैन्यात किंवा निमलष्करी दलात असल्याचं सांगणारा, बदली झाली म्हणून स्वस्तात फ्लॅट देणारा, आणि ‘क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील’ म्हणणारा मालक खोटा असतो. पैसे येण्यासाठी स्कॅन किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर फोन करा.

बॅचलर म्हटल्यावर सोसायटी नाही म्हणते. काय करू?

वाद घालून घेतलेल्या घरात वर्षभर सुखाने राहता येत नाही, हे आधी लक्षात घ्या. तरी माहिती असावी: फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा राज्य शासनाचा २००१ चा आदेश आहे, आणि ते सभासदाकडून म्हणजे मालकाकडून येणं असतं. ‘बॅचलर चार्ज’ म्हणून महिन्याला हजार-दोन हजार तुमच्याकडून मागितले तर पावती मागा आणि मालकाला बोलवा.

तिघांत घर घेतोय. नंतर भांडणं होऊ नयेत म्हणून काय ठरवावं?

तिघांची नावं करारात हवीत. एकाच्याच नावावर असेल तर बाकीचे निघून गेल्यावर सगळं देणं त्याच्या गळ्यात. अटॅच्ड बाथरूमची खोली घेणाऱ्याने हजार-पंधराशे जास्त द्यावेत. मध्येच सोडणाऱ्याने एक महिना आधी सांगावं आणि बदली माणूस शोधावा. त्याचं डिपॉझिट नवा येणारा देईल. एसी लावणाऱ्याने लाइट बिलातला वाढीव भाग उचलावा. हे सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा लिहून तिघांनी ‘मान्य’ म्हणावं. शाळूसोबती असले तरीही.

एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यासाठी) जास्त भाड्याचं घर घेतलं तर कर वाचेल का?

नव्या करप्रणालीत एचआरएची सूट मिळत नाही. आणि ४-५ लाखांच्या पगारावर तशीही करआकारणी होत नाही. कर वाचवण्यासाठी भाडं वाढवण्यात अर्थ नाही.

एमपीएससीची तयारी करायचीय. पुण्यातच राहायला हवं का?

पेठांतल्या अभ्यासिका, पुस्तकांची दुकानं आणि बरोबरीने अभ्यास करणारी मुलं यांचा उपयोग होतो, हे खरं. पण खोली, मेस, अभ्यासिका, क्लास मिळून महिन्याचा खर्च नोकरीच्या पहिल्या पगाराच्या जवळ जातो, आणि तो येतो शेतीतून किंवा वडिलांच्या पगारातून. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. उत्तरं लिहून तपासून घेण्यासाठी काही महिने पुण्यात राहणं समजू शकतं. पूर्व परीक्षेचा पाया जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभ्यासिकेत आणि ऑनलाइन क्लासवर होतो.

सारथी, बार्टी, महाज्योती या संस्था चाळणी परीक्षा घेऊन मोफत प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. पुण्याला येण्याआधी त्यांच्या जाहिराती बघा. आणि येताना परतीची तारीख घरच्यांसमोर ठरवून या: किती प्रयत्न, कोणत्या महिन्यापर्यंत. ती तारीख नसली की एक-एक परीक्षा धरून वर्षं जातात, आणि तिशीच्या उंबरठ्यावर अनुभवाशिवाय नोकरी शोधणं फार कठीण होतं.

गावाजवळ १८,००० ची नोकरी मिळतेय, पुण्यात २७,००० हातात येतील. कुठली घ्यावी?

पुण्यात घर, बिलं आणि प्रवास मिळून ९,०००, जेवण ६,५००, महिन्यातून एकदा गावी येणंजाणं १,००० आणि किरकोळ २,००० धरले तर उरतात ८,५००. घरी राहून १८,००० मधून प्रवास आणि घरखर्चाला ८,००० दिले तरी १०,००० उरतात. म्हणजे पैशाच्या हिशेबात पहिल्या वर्षी घरचीच नोकरी पुढे असते. फरक पडतो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. तुमच्या कामाच्या कंपन्या त्या शहरात किती आहेत, हे मोजा. नाशिकच्या अंबड-सातपूरला किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीत यांत्रिकीवाल्याला दुसरी नोकरी मिळते. सॉफ्टवेअर टेस्टिंगवाल्याला तिथे पर्याय थोडे असतात. घरात आजारी माणूस असेल तर हा हिशेब बाजूला ठेवून घरी राहणं चुकीचं नाही.

बाइक रेल्वेने कशी पाठवू? बंगळूरला नेली तर?

पार्सल ऑफिसात एक दिवस आधी जा. आरसी, विमा आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आणि आरसे काढून सगळी गाडी गोणपाटात बांधून घ्यावी. महाराष्ट्रात कुठेही नेली तरी नंबर बदलायची गरज नाही. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असेल तर तिथे पुन्हा नोंदणी लागते. त्यामुळे वर्षभराचाच बेत असेल तर नेणं परवडतं, त्यापुढे तिथेच जुनी गाडी घेणं सोपं.

पत्ता कुठे कुठे बदलायचा?

बँक आणि कंपनी लगेच. नोंदणीकृत करार बँकेत आणि पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. मतदार यादीत बदलासाठी नमुना ८. घर वर्षात बदलणार असाल तर आधारवर गावचा पत्ता राहू दिलेला बरा.

घर सोडताना डिपॉझिट पूर्ण कसं मिळवायचं?

याची तयारी राहायला जाण्याच्या दिवशी होते. सामान लावण्याआधी प्रत्येक खोलीचा, नळाचा, ओट्याचा, भिंतींच्या डागांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा. नोटीस व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर द्या, तारखेसह. शेवटचं लाइट बिल भरून मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापण्याची पद्धत पुण्यात रूढ आहे. करारात ते लिहिलेलं नसेल तर नेहमीच्या वापराने मळलेल्या भिंतीचे पैसे देण्याचं कारण नाही. खिळ्यांची भोकं मात्र स्वतः बुजवून द्या.

‘पैसे आठवड्याने टाकतो’ असं मालक म्हणाला तर किल्ल्याही आठवड्याने देतो म्हणा. हिशेब समोर बसून करा, रक्कम खात्यात जमा झाल्याचा मेसेज बघा आणि मग किल्ल्या हातात द्या.